पाच केव्हीएच्या जनरेटरला पंपाचं डिझेल इंजिन: अक्कलकोट रोडवरचं एक प्रकरण

जनरेटर माझ्या दुकानात आला तेव्हा त्याचं इंजिन मेलेलं होतं, पण अण्णांना ते कबूल नव्हतं. "नुसत्या रिंगा टाक बे, पळतंय बघ," म्हणत त्यांनी तो टेम्पोतून उतरवून घेतला. दोरी ओढली तर हाताला दाबच लागेना. चेंबरमधलं तेल काढलं तर पाण्यासारखं पातळ, आणि त्याला रॉकेलचा वास. हेड उघडलं तेव्हा बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर, नख अडकेल एवढा ओरखडा दिसला. मग अण्णा गप्प बसले.

अण्णांचं वर्कशॉप सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. यंत्रमागाचे गिअर, बुश, शाफ्ट, पिना असलं काम. घरी तेलुगू, दुकानात मराठी, आणि गिऱ्हाईक इंडी-विजापूरकडचं असलं की कानडी. माझं मोटार वाइंडिंगचं दुकान तिथून जवळच. या जनरेटरचं वाइंडिंग मीच एकदा नव्याने भरलं होतं, तांब्यात, म्हणून अल्टरनेटर, म्हणजे सेटचा वीज तयार करणारा भाग, फेकायचा नाही हे आमच्या दोघांचंही आधीच ठरलेलं होतं. त्याची किंमत पुढे मोजावी लागली, ते येईलच.

सेट भारनियमनाच्या दिवसांतला. ५ केव्हीए, सिंगल फेज, पेट्रोलवर चालू करून रॉकेलवर पळवायचा. तसल्या सेटला दोन तोंडांचा कॉक असतो. इंजिन तापलं की कॉक रॉकेलवर फिरवायचा, बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायचा. ही दुसरी पायरी पोरं विसरतात. मग दुसऱ्या दिवशी थंड इंजिनात रॉकेल जातं, ते जळत नाही, रिंगांच्या कडेने खाली उतरून तेलात मिसळतं. तेल पातळ झालं की बोअर संपलाच. पुढे रॉकेल मिळणं अवघड झालं आणि अण्णा नुसत्या पेट्रोलवर चालवू लागले, पण तोवर नुकसान होऊन गेलं होतं. त्या मॉडेलचा सिलिंडर आता कुठे मिळत नाही.

आता लोड. दीड एचपीचा लेथ, अर्ध्या एचपीचा ग्राइंडर, एक ड्रिल, चार दिवे, दोन पंखे. लेथ चालू असताना ड्रिल बंद, हा तिथला जुना नियम. वीज गेली की अण्णांना लेथ हवा असतो, बाकी सगळं थांबलं तरी चालतं. महिन्याला सरासरी पंचवीस-तीस तास, उन्हाळ्यात थोडे जास्त.

पर्याय चार होते. नवीन डिझेल जनरेटर घ्यायचा तर १ जुलै २०२३ पासून नव्या सेटना सीपीसीबी चार प्लसचे, म्हणजे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे धुराचे, निकष लागू झालेत, आणि महिन्याच्या पंचवीस तासांसाठी लाखाच्या पुढे जायची अण्णांची तयारी नव्हती. दुसरा पर्याय म्हणजे तेरा एचपीचं नवं पेट्रोल इंजिन, शाफ्टला तसंच बसणारं. एका दिवसाचं काम, अठरा हजारांच्या घरात. पण पेट्रोल तेवढंच पिणार. तिसरा, तीन हजार आरपीएमचं हवेवर थंड होणारं छोटं डिझेल. खरं सांगायचं तर वापर महिन्याला पाच-सात तासांचा असता तर मी हेच सुचवलं असतं. पण वैशाखात सोलापूरचा पारा ४२-४३ला टेकतो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून वर, आणि तिथे ते इंजिन दोन-दोन तास तीन हजारांवर किंचाळणार. शेजारी बेडशीट शिवणाऱ्या बायकांचं युनिट आहे. त्यांनी आम्हाला जगू दिलं नसतं.

चौथा पर्याय अण्णांनीच शोधून आणला. मोहोळकडच्या एका शेतकऱ्याने विहिरीवर सौरपंप बसवला होता आणि त्याचं जुनं किर्लोस्कर एव्ही-वन गोठ्यात पडून होतं. ८० मिलिमीटरचा बोअर, ११०चा स्ट्रोक, ५५३ सीसी, १५०० आरपीएमला ५ एचपी, पाण्यावर थंड होणारं. हँडल मारलं तर तिसऱ्या फेरीत लागलं. धूर थोडा पांढरा, पण तापल्यावर स्वच्छ. साडेअकरा हजारांत सौदा झाला.

मी तिथेच पाकिटाच्या मागे हिशेब करून दाखवला. ५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. मध्ये पट्टा येणार, तो शेकडा पाच खाणार. असला लहान अल्टरनेटर शेकडा ऐंशीच परत देतो. उरले २.८. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या वर, त्यात उन्हाळ्याची पातळ हवा, म्हणून २.६ धरा. लेथ पूर्ण कापात १.६ किलोवॅट ओढतो, ग्राइंडर ०.६, दिवे-पंखे ०.३. झाले अडीच.

"म्हणजे बसतंय की."

"बसतंय, पण काठोकाठ. पाटीवर ५ केव्हीए राहील, आतून तो तीनचा झालेला असेल. आणि वेल्डिंग मशीन लावायचं नाही, कधीच नाही."

अण्णांनी मान हलवली. वेल्डिंगचं वाक्य मी बिलावरही लिहून ठेवलं. असल्या गोष्टी तोंडी सांगून उपयोग नसतो.

शाफ्ट

इंजिन बदलायचं म्हटलं की सगळे एचपी विचारतात. एचपीचा हिशेब पाकिटाच्या मागे मावतो. खरं काम शाफ्टपाशी असतं, आणि या कामातले माझे तीन दिवस तिथेच गेले.

या जातीच्या अल्टरनेटरला बेअरिंग एकच, मागच्या बाजूला. पुढची बाजू इंजिनच्या क्रँकवर, म्हणजे त्याच्या मुख्य फिरत्या दांड्यावर, टेकलेली असते: क्रँकच्या टोकाला निमुळता टेपर, रोटरला (आतल्या फिरत्या भागाला) आतून तसाच टेपर, आणि रोटरच्या पोटातून जाणारा एक लांब बोल्ट त्या दोघांना आवळून धरतो. स्टेटरची (बाहेरच्या स्थिर भागाची) बॉडी इंजिनच्या तोंडावर चार बोल्टनी बसते. म्हणजे इंजिन काढलं की रोटरचा अर्धा आधारच गेला. शिवाय हा दोन पोलचा, त्याला ५० हर्ट्झसाठी ३००० फेरे लागतात, आणि आमचं इंजिन १५००चं. मध्ये पट्टा आलाच. पट्टा आला की बाजूने ओढ आली, आणि ती ओढ एका बेअरिंगच्या रोटरला सोसत नाही.

एका ओळखीच्या फिटरने सुचवलं, जुन्या क्रँकचं टेपरवालं टोक कापा आणि नव्या शाफ्टला वेल्ड करा. दिसायला सोपं. पण वेल्डिंग गार होताना ओढून घेतं, आणि रोटर-स्टेटरमधली फट जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची. तिथे दोन-तीन दशांशाचा वाक आला तरी लोखंडाला लोखंड घासणार. नाही म्हटलं.

इथे अण्णा कामाला आले. मी चाळीस वर्षांत त्यांच्याइतका शांत टर्नर पाहिला नाही. जुना क्रँक त्यांनी लेथच्या दोन सेंटरमध्ये धरला, टूलपोस्टवर डायल गेज लावलं, आणि कंपाउंड स्लाइड (लेथवर टूल तिरकं सरकवणारा भाग) टेपरच्या अंगाने मागे-पुढे सरकवत राहिले. काटा सुरुवातीला पाच-सहा घरं पळत होता. ते नट किंचित सैल करायचे, अंगठ्याने स्लाइडला नुसता स्पर्श करायचे, पुन्हा आवळायचे. पंधरा-वीस मिनिटांनी काटा एका जागी थिजला. मग क्रँक उतरवला, कंपाउंडला हात न लावता नवा बार चढवला आणि तोच कोन नव्या शाफ्टवर उतरवला. टेपरवर खूण उमटवायचा निळा रंग लावून रोटरमध्ये घातला, अर्धा फेरा देऊन काढला. निळं फक्त जाड टोकाला पुसलं गेलं होतं. "अजून बसंना," म्हणाले आणि कंपाउंड केसभर हलवून शेवटचा बारीक कट घेतला. तिसऱ्या वेळी निळं पूर्ण लांबीवर सारखं उमटलं. तेव्हा चहा आला.

शाफ्ट ३५ मिलिमीटरचा, दोन यूसीपी-२०७ प्लमर ब्लॉकवर, म्हणजे चौकटीला बोल्टने बसणाऱ्या बेअरिंगवर. पुली दोन ब्लॉकच्या मध्ये ठेवली, बाहेर लोंबकळत नाही, म्हणजे पट्ट्याची ओढ ब्लॉक घेतात आणि रोटरपर्यंत फारसं काही पोचत नाही. इंजिनच्या तोंडाच्या जागी १६ मिलिमीटर पत्र्याची प्लेट उभी केली आणि स्टेटरची बॉडी तिच्यावर बसवली.

चूक प्लेटमध्ये झाली, आणि ती माझी. प्लेटचा मधला गाळा मी पोराकडून कापून घेतला, अण्णांच्या लेथवर फिरवला नाही. बोल्टच्या भोकांना मोकळीक होती, म्हटलं बसेल. हाताने फिरवलं तर फिरलं. इंजिन लावलं आणि दहा सेकंदांत खरड ऐकू आली, मागोमाग वार्निश जळाल्याचा वास. उघडून पाहतो तर स्टेटरच्या खालच्या अंगाला बोटभर जागा चकचकीत. वाइंडिंग वाचलं, नशीब. मग प्लेट काढून गाळा लेथवर बरोबर मापात केला, बॉडी बसवली, आणि फिलर गेजने चार ठिकाणी फट मोजली: वर, खाली, डावीकडे, उजवीकडे. चारही जागी अर्ध्या मिलिमीटरची पाती सारखी सरकली तेव्हा दोन डॉवेल पिना ठोकून प्लेट कायमची केली. हे आधीच करायला हवं होतं. हाताने फिरतंय म्हणजे मोकळं आहे असं नसतं, कारण पट्ट्याचा ताण आणि चुंबकाची ओढ हाताने फिरवताना तिथे नसतेच.

पुली इंजिनला दहा इंची, अल्टरनेटरला पाच इंची. बी सेक्शनचे दोन पट्टे, बी-६२. भार एका पट्ट्यानेही ओढला असता, पण एक तुटला तर अर्ध्या कापात टूल अडकतं. दोन पट्टे घेताना दुकानदाराकडून एकाच लॉटचे मागून घ्यावेत, नाहीतर एक तणावात आणि दुसरा नुसता शोभेला. पट्ट्याचा वेग सेकंदाला वीस मीटर पडतो, बिडाच्या पुलीला तो चालतो. पाच इंचांपेक्षा लहान पुली घेतली असती तर बी पट्टा वाकून वाकून तापला असता.

फिरण्याची दिशा पाहून ठेवली होती. अल्टरनेटरच्या पंख्याची पाती सरळ आहेत, त्यामुळे उलटा फिरला तरी हवा मारतोच. वाकड्या पात्यांचा असता तर पंखा बदलावा लागला असता.

पाणी

विहिरीवर हे इंजिन पंपाच्याच पाण्यावर थंड व्हायचं. पाणी एकीकडून यायचं, इंजिनातून फिरून पाटात जायचं. तेव्हा सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी यायचं. इथे वाहतं पाणी इंजिनला कोण देणार?

म्हणून दोनशे लिटरचा लोखंडी ड्रम. ड्रमच्या तळातून जाड नळी इंजिनच्या खालच्या तोंडाला, इंजिनच्या हेडमधून दुसरी नळी ड्रमच्या वरच्या भागात. तापलेलं पाणी हलकं होऊन वर चढतं, त्याच्या जागी गार पाणी खालून येतं. पंप नको, काही नको. दोनच अटी: ड्रम इंजिनपेक्षा उंचावर हवा आणि वरच्या नळीचं तोंड कायम पाण्यात बुडालेलं हवं. ही दुसरी अट लक्षात ठेवा.

पूर्ण लोडवर असलं इंजिन साधारण साडेतीन किलोवॅट उष्णता पाण्यात सोडतं. दोनशे लिटर पाणी त्याने तासाला पंधरा अंशांनी तापतं, तेही ड्रमच्या अंगातून काहीच उष्णता बाहेर पडत नाही असं धरलं तर. सकाळचं ३० अंशांचं पाणी अडीच-तीन तासांत सत्तर-पंचाहत्तरवर. अण्णांचा लेथ सतत पूर्ण कापात नसतो, म्हणून प्रत्यक्षात चार तासांनी मोजलं तेव्हा ६६ होतं. डिझेल इंजिनला तसं गरम पाणी मानवतं. फार गार पाणी सोडलं की पांढरा धूर येतो आणि लायनर लवकर झिजतो.

धुराचा पाईप सव्वा इंची, मध्ये लवचिक तुकडा, थेट पत्र्याबाहेर, बेडशीटवाल्यांच्या खिडकीच्या विरुद्ध बाजूला. इंजिन-अल्टरनेटर एकाच चॅनेलच्या चौकटीवर, चौकट काँक्रीटमध्ये बोल्टने. रबर लावलं नाही. एक सिलिंडरचं इंजिन रबरावर नाचतं, आणि नाचलं की पट्टे उतरतात.

सगळं जोडून इंजिन चालू केलं तर मीटरवर चार व्होल्ट. अण्णा माझ्याकडे असं बघायला लागले की जणू वाइंडिंग मीच चोरलंय. रोटर काढताना ठोकाठोक झाली होती आणि तो महिनाभर पडूनही होता, त्यामुळे आतलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलं होतं. बारा व्होल्टच्या बॅटरीच्या दोन वायरी, प्लस-वजा नीट बघून, ब्रशवर क्षणभर टेकवल्या. मीटर उडी मारून २३५वर गेला. गव्हर्नर, म्हणजे इंजिनचा वेग सांभाळणारा भाग, असा लावला की रिकामं ५२ हर्ट्झ, लेथवर साडेपन्नास, ग्राइंडरही लावला तर साडेएकोणपन्नास. पट्टा थोडा सरकतो, त्यामुळे इंजिन पंधराशेच्या किंचित वर ठेवावं लागतं.

जुना पंचवीस अँपिअरचा एमसीबी काढून सोळाचा टाकला. बॉडीला अर्थिंग, वाइंडिंगचं एक टोक न्यूट्रल म्हणून अर्थला, आणि मधोमध बंद असणारा चेंजओव्हर, म्हणजे आपली वीज महावितरणच्या तारेत कधीच जाणार नाही. खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्या एका स्विचवर असतो.

लुकलुक

संध्याकाळी खरी पंचाईत समोर आली. लेथ चालला, ग्राइंडर चालला, पण दिवे थरथरत होते. मंद-तेज, मंद-तेज, भराभर. अण्णांच्या मुलाने दहा मिनिटांत डोळे चोळायला सुरुवात केली. फिरत्या चकवर ती थरथर पडली की जॉब थांबून थांबून फिरतोय असं वाटायचं, आणि लेथपाशी हे धोक्याचं.

माझा डिजिटल मीटर म्हणत होता २२९ व्होल्ट, ५०.४ हर्ट्झ, सगळं आलबेल. डिजिटल मीटर सरासरी दाखवतो, थरथर लपवतो. घरून वडिलांचा काट्याचा मीटर आणला. काटा सतत कापत होता.

कारण साधं होतं, फक्त आधी सुचलं नाही. चार स्ट्रोकचं एक सिलिंडरचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा ठोका देतं. जुनं इंजिन ३००० फेऱ्यांवर, म्हणजे सेकंदाला पंचवीस ठोके. ते डोळ्याला फारसं जाणवत नाही. नवं पंधराशेवर, सेकंदाला साडेबारा. प्रत्येक ठोक्याला शाफ्ट जरा पुढे झेपावतो आणि पुढच्या ठोक्यापर्यंत जरा मंदावतो, आणि व्होल्टेजही त्याच्या मागे हलतं. माणसाचा डोळा दहाच्या आसपासच्या लुकलुकीला सगळ्यात जास्त चिडतो, आणि आम्ही नेमके तिथेच जाऊन बसलो होतो. पंपावर याची कुणाला तक्रार नसते. पाण्याला डोळे नसतात. त्यामुळे पंपाच्या इंजिनला चाकही हलकंच बसवलेलं होतं. जनरेटरसाठी जड चाक लागतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा भंगारातून एक चाक घेऊन आले. जुन्या, संथ चालणाऱ्या लिस्टर जातीच्या इंजिनचं, बिडाचं, आऱ्यांचं, चोवीस इंची. "हे लाव. याच्यापुढं काय हालतंय?"

मी त्याला हात लावू दिला नाही, आणि आमच्यात या कामातलं एकमेव भांडण तिथे झालं. ते चाक साडेसहाशे फेऱ्यांसाठी ओतलेलं. तेव्हा त्याच्या काठाचा वेग सेकंदाला वीस-एकवीस मीटर. पंधराशेवर तोच वेग ४८. आऱ्यांच्या बिडाच्या चाकाला तिसापुढे जाऊ देत नाहीत. वेग सव्वादोन पट झाला की ताण पाच पटींच्या वर जातो, आणि आत एखादा जुना तडा किंवा फुगा असेल तर चाक तुटताना आधी सांगत नाही. अण्णा म्हणाले, "इंग्रजांच्या काळचं ओतकाम हाय ते, कुठं तुटतंय." मी म्हटलं, तुटलं तर ते भिंतीतून पलीकडे शिवणाऱ्या बायकांच्यात जाईल. त्यावर ते काही बोलले नाहीत. चाक अजून त्यांच्या दारात आहे, त्यावर दिवाळीला पणत्या लावतात.

आम्ही उलटा विचार केला. चाकात साठणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. अल्टरनेटरचा शाफ्ट इंजिनच्या दुप्पट फिरतो, म्हणजे तिथे ठेवलेलं चाक इंजिनला चौपट जड वाटतं. अण्णांकडे दीड इंच जाडीचा एमएस प्लेटचा तुकडा होता. त्यातून दहा इंची भरीव चकती काढली, पंधरा किलोची. भोक, बाहेरचा काठ आणि दोन्ही तोंडं एकाच बांधणीत फिरवली, चावीची खाच पाडली. मग शाफ्टवर चढवून दोन समतल पट्ट्यांवर लोळत सोडली. चकती एका जागी येऊन डुलत थांबायची, म्हणजे ती बाजू जड. तिथे उथळ भोक पाडायचं, पुन्हा सोडायची. पाच-सहा वेळा केल्यावर ती कुठेही थांबायला लागली. काठाचा वेग चाळीस मीटर पडतो, पण ही लाटलेल्या पोलादाची भरीव चकती आहे, आरे नाहीत, सांधा नाही. तरी वरून तीन मिलिमीटर पत्र्याचं झाकण बोल्टने बसवलं.

त्या रात्री दिवे बघितले. काट्याचा मीटर जवळजवळ स्थिर. जुना पिवळा बल्ब लावला तर अगदी बारीक कंप दिसतो, तो गेला नाही आणि जाणारही नाही. एलईडीत मात्र गंमत दिसली. स्वस्तातले बल्ब, ज्यांच्या आत नुसता कपॅसिटर असतो, ते अजून किंचित लुकलुकतात. चांगल्या ड्रायव्हरचे बल्ब शांत. लेथवरचा दिवा तेवढा बदलला.

चकतीने एक नवं दुखणं आणलं: हँडल जड झालं. डीकॉम्प्रेशनचा लिव्हर उचलून, म्हणजे सिलिंडरचा दाब सोडून, दहा-बारा फेरे जोरात द्यावे लागतात, पोरं घामाघूम होतात. पण वेग एकदा धरला आणि लिव्हर सोडला की पहिल्या ठोक्यातच इंजिन लागतं. हँडल धरताना अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, पलीकडून वळवून मूठ आवळायची नाही, हे मी अण्णांच्या मुलाला तीनदा करून दाखवलं. उलटा ठोका बसला की मनगट जातं.

खर्च

इंजिन ११,५००, पुल्या आणि पट्टे २,९००, प्लमर ब्लॉक १,१००, शाफ्ट-चकती-प्लेटचं लोखंड २,६००, ड्रम आणि नळ्या १,४००, धुराचा पाईप ९००, चेंजओव्हर-एमसीबी-वायर १,८००, माझी मजुरी ६,०००. एकूण २८,२००. यात अण्णांच्या लेथचे तीन दिवस धरलेले नाहीत. बाहेरून करून घेतलं असतं तर हे गणित जमलंच नसतं, आणि तेव्हा मी सरळ चार पोलचा, म्हणजे १५०० फेऱ्यांवरच ५० हर्ट्झ देणारा, नवा अल्टरनेटर घेऊन इंजिनला थेट जोडायला सांगितलं असतं. तांब्याच्या वाइंडिंगचा मोह आम्हाला महाग पडला हे मी मान्य करतो. अण्णा करत नाहीत.

डिझेल मोजायला टाकीची नळी काढून एक लिटरची बाटली उलटी टांगली. लेथ आणि दिव्यांवर, साधारण दोन किलोवॅटच्या लोडला, बाटली एक तास पाच मिनिटं पुरली. म्हणजे तासाला ०.९२ लिटर. जुन्या इंजिनला तेवढ्याच कामाला अण्णांच्या वहीप्रमाणे पावणेदोन लिटर पेट्रोल लागायचं. तेव्हाच्या दराने पेट्रोल १०४ आणि डिझेल ९१ धरलं तर तासाला १८२ रुपयांच्या जागी ८४. फरक ९८चा. २८,२०० वसूल व्हायला २८८ तास, म्हणजे त्यांच्या वापराने दहा-अकरा महिने. नव्या पेट्रोल इंजिनशी तुलना केली तर वरचे दहा हजार साडेतीन-चार महिन्यांत निघतात.

पहिल्या वीस तासांनी पट्टे ताणले, तेल बदललं, चौकटीचे सगळे बोल्ट आवळले. दोन सैल मिळाले. पावसाळ्यात सकाळी चालू करताना पट्टा दोन सेकंद किंचाळतो, मग गप्प होतो.

दीड महिन्याने अण्णांचा फोन. "इंजिनातनं वाफ यायलीय बे, लवकर ये." गेलो तर इंजिन बंद करून पोरं लांब उभी होती. हेड हात लावू देईना. नळ्या बघितल्या, गाळ नाही. ड्रमचं झाकण उचललं तर पाणी वरच्या नळीच्या तोंडाखाली एक वीतभर उतरलेलं. गरम पाणी वर यायला वाटच उरली नव्हती, सगळं फिरणं थांबलं होतं. ड्रम कुठे गळतोय म्हणून मागे वाकून पाहिलं, तर खालच्या अंगाला नवी कोरी पितळी तोटी, आणि तिच्याखाली साबणाची वडी.

सांजच्याला ग्रीसचे हात धुवायला फुकटचं गरम पाणी मिळतंय हे पोरांना कळलं होतं. तोटी अण्णांनीच बसवून दिली होती, स्वतः आटे पाडून. मी ती काढायला निघालो तर म्हणाले, राहू दे, थंडीत बरं पडतं. शेवटी तोटी तिथून काढून वरच्या नळीच्या चार बोटं वर बसवली, म्हणजे कितीही हात धुतले तरी पाणी त्या खाली जाणार नाही. रोज सकाळी ड्रम काठोकाठ भरायचं काम अण्णांच्या मुलाकडे. ड्रमवर लाल रेघ मारली आहे आणि तिच्याशेजारी मराठीत आणि तेलुगूत लिहिलंय: आधी भरा, मग धुवा.